उलट्या आट्याचं हत्यार

"मेस्त्री, आधी ह्यो आवाज ऐका," तातोबा मोटे म्हणाले आणि बोलायचे थांबले.

मी ऐकला. बोरखडी तलावाच्या भरावावर आम्ही उभे होतो आणि पायाखालून, भरावाच्या पोटातून, पाणी धो धो वाहत होतं. चैत्र सरत आलेला. आमच्या माणदेशात त्या दिवसांत पाण्याचा एवढा आवाज कानावर पडला तर माणसानं हात जोडावेत. पण भरावावर जमलेल्या माणसांत एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. बायका डोक्यावर पदर घेऊन एका रांगेत बसल्या होत्या, मयताला बसतात तशा.

"काल सकाळधरनं आसंच चाललंय," तातोबा म्हणाले. ते बोरखडीचे सरपंच. अंगानं आडवे आणि आवाजानं दांडगे, पण त्या दिवशी आवाज पार बसलेला. "पिकाची पाळी संपली, दार खाली सोडाय गेलो, तर चाक नुसतंच गरागरा फिराय लागलं. दार ऱ्हायलं वरच. आता हे समदं पाणी वढ्याला चाललंय. पावसाळ्यापतोर प्यायाचं पाणी हाय हे, मेस्त्री. आमचंच न्हवं, खालच्या वाड्यांचंबी."

तलावाच्या काठाला ओल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडला होता. काल तिथपर्यंत पाणी होतं, हे सांगायची गरज नव्हती.

मी जगन्नाथ पांचाळ. फाट्यावर माझं दुकान. इंजिनं, पंप, ट्रॅक्टर, मळणी यंत्रं, जे बिघडेल ते माझ्याकडं येई. पण पंचक्रोशीत माझं नाव होतं ते एकाच कामासाठी. बोल्ट आत मोडला, स्क्रूचं डोकं झिजून पाना बसेनासा झाला, की लोक म्हणत, "जगूमेस्त्रीकडं न्या, तो काढंल." मोडलेला बोल्ट काढणं हे सोपं काम नव्हे. बाहेर काही राहिलेलं नसतं, धरायला जागा नसते. मग त्या मोडक्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचं आणि त्यात एक्स्ट्रॅक्टर बसवायचा. निमुळतं, बोटाएवढं हत्यार, त्याच्या अंगावर उलटे आटे. डावीकडं फिरवलं की ते तुकड्यात रुतत जातं आणि रुतता रुतता तुकड्यालाच मागं फिरवून बाहेर आणतं. ऐकायला सोपं वाटतं. पण जोर जरा जास्त झाला तर ते हत्यारच आत मोडतं. आणि त्याचं पोलाद एवढं कडक की मग कुठलंही ड्रिल त्याला चावत नाही. झालं, त्या भोकाचं दार कायमचं बंद.

माझ्या मागं हत्यारांची पिशवी घेऊन माझी सून उभी होती. अलका. माझा मुलगा सतीश गलाईच्या धंद्यात कोइमतूरला. सोनं-चांदी आटवायला आमच्याकडची निम्मी तरणी माणसं मुलूखभर पांगलेली, त्यातलाच तो. तो दिवाळीला येई, महिनाभर राही. अलका सुरुवातीला दुकानात माझा डबा घेऊन येत असे. मग डबा ठेवून थांबायला लागली. मग रॉकेलमध्ये पार्ट धुवायला लागली. एक दिवस मी बघितलं तर तिनं एका पंपाचं सील बदलून ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं. त्यानंतर मी तिला कधी घरी जा म्हटलं नाही.

भरावापासून तलावातल्या मनोऱ्याकडं एक अरुंद लोखंडी पूल गेला होता. मनोऱ्यावर छोटी खोली, खोलीत गिअर. तिथं पाटबंधाऱ्याचे शाखा अभियंता बनसोडे आमची वाट बघत होते. तिशीचा माणूस, डोळे लाल झालेले. त्यांनी सगळं आधीच खोलून मांडून ठेवलं होतं.

"हे बघा मेस्त्री," ते म्हणाले. "हा उभा दांडा खाली दाराला गेलाय. दांड्यावर ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची नळी. हे दातेरी चाक नळीवर बसतं, दोन बोल्टांनी. हात चाक फिरवतो, चाक नळीला फिरवतं, नळी दांड्याला खाली ढकलते. दोन्ही बोल्ट तुटले. एक निघाला. दुसरा हा, आत मोडलाय."

"एकाच बोल्टावर फिरवून बघितलं?"

"बघितलं. मोकळ्या भोकात नवा घातला, तो पण तुटला, नशिबानं निघाला तेवढा. दाराला गाळ धरलाय, फार जोर लागतो. वेल्डिंगवाल्याला बोलावलं होतं, पण बीड आहे, तडकलं तर नळीच जाईल. नवीन नळी मागवलीय. ती यायला आठवडा तरी." त्यांनी खिडकीतून पाण्याकडं बघितलं. "आठवड्यानं इथं बंद करायला काही राहणार नाही."

मी वाकून बघितलं. बोल्ट भोकात खोलवर मोडलेला, आणि वर कुणीतरी छिन्नीनं कोचून त्याचं तोंड पार वाकडंतिकडं केलेलं.

एवढ्यात बाहेर गलका झाला. तातोबांचा पुतण्या हणमा, पट्टीचा पोहणारा, कमरेला दोर बांधून पुलावर आला होता. त्याच्या मागं दोघेजण वाळकं गवत भरलेली पोती घेऊन.

"काका, मी जातो खाली. दाराच्या तोंडात पोती कोंबतो," तो म्हणाला.

"आरं, त्या वढीनं तूच जाशील की पोत्यासंगं!" तातोबा ओरडले.

"मग काय बघत बसायचं?"

बनसोडे साहेब त्याच्या आडवे उभे राहिले. "मी परवानगी देणार नाही. खाली ओढ केवढी आहे तुला माहीत नाही. दोरासकट आत जाशील." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "मेस्त्री, मी याला फार वेळ धरू शकणार नाही. गाव माझं ऐकणार नाही."

भरावावरच्या बायकांतली एक उठून उभी राहिली होती. ती हणमाची आई असणार, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"हणमा," मी म्हटलं, "आधी आम्हाला बघू दे. आम्ही हरलो तर तुझं तू बघ."

तो दोर कमरेला तसाच ठेवून दारात बसला.

मी गुडघ्यावर बसलो. अलकानं पिशवी उघडून पंच आणि हातोडी माझ्यासमोर ठेवली. पंच म्हणजे टोकदार खिळा. मोडक्या बोल्टाच्या बरोबर मध्यावर त्यानं खूण उठवायची, मग त्या खुणेवर ड्रिल. खूण केसभर सरकली की ड्रिल सरकतं, ड्रिल सरकलं की भोकाचे आटे कापले जातात, आणि आटे गेले की नवा बोल्ट धरत नाही. सगळं काम त्या एका खुणेवर.

मी पंच भोकात धरला. तो हलला.

डाव्या हातानं मनगट दाबून धरलं. तरीही पंचाचं टोक बोल्टाच्या तोंडावर खुडखुड वाजत राहिलं, थंडीत दात वाजतात तसं.

हे काही आजचं नव्हतं. दिवाळीनंतर माझा उजवा हात थरथरायला लागला होता. जड कामाला त्रास नव्हता, पाना ओढताना कळतही नसे. पण बारीक कामाला हात उचलला की तो आपलं सुरू करी. विट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेस्त्री, हे आता असंच राहणार, थोडं वाढतही जाईल. हे घरात एका अलकाला माहीत होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. एकदा चहाची बशी माझ्या हातात वाजली, तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कपात अर्धाच चहा ओतायला लागली. दुकानातली बारीक कामंही न बोलता तिच्या टेबलावर सरकली. मोडके बोल्ट तिनं काढले होते, पण ते शिकंज्यात पक्के धरून, आपल्या जागेवर, कुणी बघत नसताना. इथं अख्खं गाव बघत होतं.

आज इथं येताना मी मनाशी म्हटलं होतं, हात आजच्या दिवस साथ देईल. एवढी वर्षं दिली.

मी पंच खाली ठेवला.

"काय झालं मेस्त्री?" तातोबांनी विचारलं.

"तातोबा, माझ्या हाताला कंप आहे," मी म्हटलं. "हे माझ्यानं व्हायचं नाही. ही करेल."

अलका माझ्याकडं बघत राहिली. मी हे असं चारचौघांत बोलेन असं तिला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

"मेस्त्री, आवो गाव नरड्याशी आलंय," तातोबा म्हणाले, "आन् तुमी सूनबाईला बसवताय व्हय? तिनं काय कधी आसलं..."

"काढलेत. तुमच्या भावाच्या मळणी यंत्रात मोडून अडकलेला स्टड कुणी काढला, विचारा त्याला. तो समोर उभा होता."

"मी तिथं व्हतो," हणमा दारातून म्हणाला. "वयनीनीच काढला. पर ते यंत्र व्हतं काका, हितं..."

"इथं काय? बोल्टाला कळतं का तो कुठं मोडलाय?"

बनसोडे साहेब पुढं आले. "ताई," ते अलकाला म्हणाले, "एकच विचारतो. तुम्हाला वाटतं निघेल?"

अलका वाकून भोकात बघत होती. बोटानं कडा चाचपली, फुंकर मारली, परत बघितलं.

"न्हाय सांगता येत साहेब," ती म्हणाली. "पण बिघडवणार न्हाय. न्हाय जमलं तर हाय असं ठेवून उठंन."

"करा," साहेब म्हणाले. "जबाबदारी माझी."

तिनं पदर खोचला आणि बसली.

आधी तिनं एक चपटी सळई भोकात घालून बोल्टाचं कोचलेलं तोंड ठोकून ठोकून सपाट केलं. मग पंच धरला. मी तिच्या हाताकडं बघत होतो. हात असा स्थिर की जणू तोही बिडातच ओतलेला. एक ठोका. दिवा जवळ धरून तिनं बघितलं, मला दाखवलं. बरोबर मध्यावर.

वीज तर नव्हतीच, त्या दिवसांत निम्मा दिवस भारनियमन असे. आमचं ड्रिल हातानं फिरवायचं, छातीचा जोर देऊन. बारीक पातं, मग जरा जाड. ती थांबून थांबून तेल सोडी, कीस फुंकून काढी. हणमा दोर बांधलेला तसाच आत येऊन दिवा धरून बसला. मधूनच बाहेरून कुणीतरी ओरडे, "झालं का?" आणि तातोबाच उत्तर देत, "गप बसा रं!"

भोक पडलं. तिनं एक्स्ट्रॅक्टर त्यात उभा केला, हातोडीनं हलके ठोके देऊन बसवला, वर हँडल लावलं आणि डावीकडं फिरवायला लागली. हत्यार रुतलं. हँडल घट्ट झालं. तिनं जोर लावला. बोल्ट हलला नाही. अजून जोर. एक बारीक कुरकुर झाली आणि तिनं हात काढून घेतला.

"लाव, लाव, येतोय," मी म्हटलं.

"न्हाय मामा."

"अगं आवाज आला. थोडाच राहिलाय. लाव जोर."

"तो आवाज बोल्टाचा न्हाय. हत्याराचा हाय."

"सरा वयनी," हणमा पुढं झाला. त्याचे दंड म्हणजे वडाच्या फांद्या. "मी देतो एक हिसका."

"हात लावू नका!" अलका म्हणाली. एवढ्या मोठ्यानं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. हणमाचा हात जागच्या जागी थांबला. तिनं हँडल उलटं फिरवून एक्स्ट्रॅक्टर सोडवला, बाहेर काढला, दिव्याशी धरला. त्याच्या अंगावर, आट्यांच्या मुळाशी, केसासारखी एक चीर उठली होती.

तिनं ते हत्यार माझ्या हातात दिलं. मी ती चीर बघितली. मी असतो तर लावला असता जोर. माझे हात धडधाकट असते, तरी लावला असता. आणि हत्यार आत राहिलं असतं.

"दुसरा हाय का?" तातोबांनी विचारलं.

"हाय, एक," ती म्हणाली. "आता घाई न्हाय करायची."

"घाई न्हाय? पोरी, पाणी बघ की!"

ज्योत फेकणारा ब्लो-लॅम्प पेटवून तिनं भोकाभोवतीचं बीड तापवायला घेतलं. एका जागी नाही, फिरवत फिरवत, पोळी शेकतात तसं. मग इकडं तिकडं बघून म्हणाली, "मेणबत्ती हाय का कुणाकडं?"

तलावाचं दार बघणाऱ्या पाटकऱ्यानं कोनाड्यातली अर्धी जळलेली मेणबत्ती काढून दिली. अलकानं ती तापलेल्या भोकाच्या कडेला टेकवली. मेण वितळलं आणि बोल्टाच्या कडेनं आत ओढलं गेलं. बघता बघता दिसेनासं झालं. परत ताप, परत मेण. मी हे कधी बघितलं नव्हतं. माझ्या गुरूनंही कधी केलं नव्हतं.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"आमच्या आईचा स्टोव्ह," ती मान वर न करता म्हणाली. "बर्नर धरला की आई गरम करून मेण सोडायची. रॉकेल वरच ऱ्हातंय, मेण आत जातंय म्हणायची. गार होऊ द्यायची आन् मग फिरवायची."

मग ती खरंच बसून राहिली. हात मांडीवर ठेवून, भोकाकडं बघत. खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. तातोबांचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. बाहेरून आता कुणी हाकाही मारत नव्हतं. मी आयुष्यभर लोखंडाशी झटलो, पण सगळं गाव मानेवर बसलेलं असताना गार होण्याची वाट बघत बसणं, हे मला साधलं नसतं.

तिनं बोटाच्या मागच्या बाजूनं बीड चाचपलं. दुसरा एक्स्ट्रॅक्टर बसवला. हत्याराच्या डोक्यावर हलके, अगदी हलके ठोके दिले, कुणाला तरी झोपेतून उठवावं तसे. हँडल लावलं. डोळे मिटले. आणि फिरवलं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग 'टक्' असा एक आवाज आला. मोडण्याचा नव्हे, सुटण्याचा. ज्यानं तो एकदा ऐकलाय त्याला तो झोपेतही कळतो.

"आला," ती म्हणाली.

हँडल फिरलं. परत फिरलं. हत्याराच्या टोकाला तो काळाकुट्ट तुकडा, मेणानं माखलेला, सगळ्या आट्यांसकट वर आला. तिनं भोकात दिवा धरला. आतले आटे शाबूत होते, एकालाही ओरखडा नव्हता. तिनं नवा बोल्ट हातानंच फिरवून बघितला. तो तळापर्यंत लोण्यात सुरी जावी तसा गेला.

चाक बसवलं, दोन्ही बोल्ट आवळले. दार खाली घ्यायला माणसं कमी पडणार नव्हती. हणमा, पाटकरी, बनसोडे साहेब, तातोबा, सगळे हाताला लागले. "एका दमात न्हाय," अलका बजावत होती, "थोडं खाली, थोडं वर, गाळ सुटू द्या." आणि सरपंच तिचं ऐकत होते. खालचा आवाज आधी जाड झाला, मग बारीक, मग शीळ घातल्यासारखा. आणि मग थांबला.

काल सकाळपासून ज्या आवाजात सगळं गाव बुडालं होतं तो थांबल्यावर जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. कुठंतरी टिटवी ओरडली ती स्पष्ट ऐकू आली. मग भरावावरून एकच आरोळी उठली.

पुलावरून परत येताना हणमाची आई आडवी आली. तिनं अलकाचे काळे, मेणकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि कपाळाला लावले. अलका इतका वेळ डगमगली नव्हती, ती तिथं रडायला लागली.

तातोबांनी माझ्यासाठी नारळ आणि फेटा आणवला होता. तो त्यांनी माझ्यासमोर धरला. मी दोन्ही हात मागं घेतले. तातोबा क्षणभर गोंधळले, मग वळले आणि फेटा अलकाच्या ओंजळीत ठेवला. "बाईमाणसाला फेटा देत्यात का?" मागून कुणीतरी म्हणालं. "हिला देत्यात," तातोबा म्हणाले. आवाज परत दांडगा झाला होता.

साहेबांच्या जीपमधून परत येताना फाटा जवळ आल्यावर ती म्हणाली, "मामा, हाताचं समद्यांम्होरं कशाला सांगितलंसा? आता लोक कामं आणायची न्हाईत."

"बघू," मी म्हटलं.

सतीशला तिनं फोनवर एवढंच सांगितलं की बोरखडीला एक काम होतं, झालं. बाकीचं मी सांगितलं. दोनदा सांगितलं.

पुढच्याच बाजारच्या दिवशी सकाळी एक पैलवानी अंगाचा बागायतदार टेम्पोत इंजिनाचं हेड घालून दुकानासमोर उतरला. आटपाडीच्याही पलीकडून आला होता, म्हणजे वाटेत दहा मेस्त्री टाकून.

"मेस्त्री हायती का?" त्यानं विचारलं.

मी उठलो, धोतराला हात पुसले. "बोला."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि संकोचून म्हणाला, "तुमी न्हवं दादा. बोरखडीचं पाणी थांबवलं त्या मेस्त्री."

आयुष्यात माझे सत्कार झाले, माझं कौतुक झालं. पण त्या माणसाच्या 'तुमी न्हवं'नं माझी छाती जेवढी फुगली, तेवढी कधी फुगली नव्हती.

"बसा," मी म्हटलं. खुर्ची पुसून दिली आणि आत तोंड करून हाक मारली, "अलकामेस्त्री, गिऱ्हाईक आलंय!"

मग मी त्याला चहा सांगायला समोरच्या हॉटेलात गेलो, आणि रस्ता ओलांडून जाईपर्यंत जो भेटला त्याला थांबवून सांगितलं की कोण आलंय, कुठून आलंय आणि कुणाकडं आलंय.